प्राणायामाने खरंच जास्त ऑक्सिजन मिळतो का? शंभर वर्षांपूर्वी हे मोजून बघणारे स्वामी कुवलयानंद

इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्समागे एक पिलाटेसची रील येतेच. स्प्रिंग लावलेला लांबट पलंग, त्यावर मागेपुढे सरकणारी पाटी, हळूहळू पाय उचलणारी एखादी सेलिब्रिटी आणि खाली मुंबई-पुण्यातल्या कुठल्यातरी स्टुडिओचं नाव. अंगठा वर सरकवला की पुढची रील योगाची. त्यात कुणीतरी ठामपणे सांगत असतं की अमुक आसन केलं की थायरॉईड बरा होतो आणि तमुक प्राणायाम केला की शरीरात दुप्पट ऑक्सिजन जातो.

लाईक पडतात, शेअर होतात. हे कुणी मोजलंय का, असा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात एका माणसाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. विचारून ते थांबले नाहीत. योग करणाऱ्यांना त्यांनी हॉस्पिटलमध्ये नेलं, एक्स-रे मशीनसमोर उभं केलं, आतड्यातला दाब मोजला आणि जे हाती आलं ते छापून टाकलं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांची ही गोष्ट.

एकाच वर्षी जन्मलेले दोन मास्तर

सुरुवात एका योगायोगाने करू. पिलाटेस हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते जोसेफ पिलाटेस जर्मनीत ९ डिसेंबर १८८३ रोजी जन्मले. लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप असं बरंच काही त्यांच्या मागे लागलं होतं. दुबळं शरीर घडवायचं कसं, या धडपडीतून त्यांची व्यायामपद्धत उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. जर्मन म्हणून ब्रिटिशांनी त्यांना आईल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत कैदेत ठेवलं. तिथल्या मुक्कामात ही पद्धत आकाराला आली असं सांगितलं जातं. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारासोबत त्यांनी स्टुडिओ थाटला. आपल्या पद्धतीला ते स्वतः पिलाटेस म्हणत नसत. त्यांनी नाव दिलं होतं ‘कंट्रोलॉजी’. शरीराची प्रत्येक हालचाल मनाच्या ताब्यात असली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

पिलाटेस जन्मले त्याच वर्षी, साधारण तीन महिने आधी, ३० ऑगस्ट १८८३ ला बडोदा संस्थानातल्या डभोई गावी एका मराठी शिक्षकाच्या घरात जगन्नाथचा जन्म झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे, आई सरस्वतीबाई. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी काही काळ लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं, इतकी बेताची. पण पोरगं हुशार. १९०३ मध्ये मॅट्रिक झाला तो संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवूनच.

एकाने न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ काढला, दुसऱ्याने लोणावळ्यात प्रयोगशाळा. व्यायामाकडे दोघांनीही घाम गाळण्यापलीकडे जाऊन पाहिलं. श्वास, पाठीचा कणा आणि मन या तिन्हींचा एकत्र विचार दोघांनी केला. पिलाटेसचं नाव आज जगभर झालं. गुणे मास्तरांचं नाव मात्र लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन परतणाऱ्या अनेकांना माहीतही नसतं.

बडोद्याची तालीम आणि मुसलमान उस्तादाची परंपरा

त्या काळचं बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचं बडोदा. जगन्नाथ बडोदा कॉलेजात दाखल झाला तेव्हा तिथे अरविंद घोष शिकवत होते. पुढे जगाने ज्यांना योगी अरविंद म्हणून ओळखलं तेच हे. एकीकडे अरविंदांचा प्रभाव, दुसरीकडे लोकमान्य टिळकांचं राजकारण. लग्न करायचं नाही आणि आयुष्य देशकार्याला द्यायचं, हे या पोराने तरुणपणीच ठरवून टाकलं.

पण देशकार्य करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? याचं पहिलं उत्तर त्याला तालमीत मिळालं.

बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर नावाची प्रसिद्ध तालीम होती. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि त्यांची गादी चालवत होते त्यांचे हिंदू शिष्य, राजरत्न माणिकराव. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, शिवाय निखळलेली हाडं बसवण्याची विद्या असं सगळं तिथे शिकवलं जायचं. १९०७ ते १९१० या काळात गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले.

माणिकरावांची एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. शेकडो पोरांना एकाच वेळी, एका तालात, एका शिट्टीवर व्यायाम करायला लावायची हातोटी त्यांच्याकडे होती. तेव्हा कवायत म्हटली की इंग्रजी हुकूम ठरलेले. माणिकरावांनी ते हुकूम देशी भाषेत आणले. ब्यायाम हा एकट्याने कोपऱ्यात करायचा नसून समाजाला उभं करण्यासाठी असतो, ही गोष्ट गुण्यांच्या डोक्यात पक्की बसली ती इथेच.

त्या वेळची हवाही समजून घेतली पाहिजे. शिकलेल्या तरुणांचा हिरो होता जर्मनीत जन्मलेला बलवान युजेन सँडो. १९०४-०५ च्या सुमारास तो भारतात येऊन गेला होता आणि त्याच्या डंबेल्सची क्रेझ घरोघर पोचली होती. योग म्हटलं की मात्र लोकांच्या डोळ्यासमोर यायचा तो खिळ्यांवर झोपणारा बैरागी. आसनं करणं हे सुशिक्षित माणसाचं काम नव्हे, असाच बहुतेकांचा समज होता.

अंमळनेरचं कॉलेज, ज्याला सरकारने टाळं लावलं

१९१० मध्ये पदवी घेतल्यावर गुणे शिक्षकी पेशात आले आणि खान्देशात अंमळनेरला पोचले. पुढे साने गुरुजींमुळे महाराष्ट्राच्या घराघरात पोचलेलं हेच ते अंमळनेर. खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिकवता शिकवता १९१६ मध्ये ते तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले.

वय तेहेतीस. हातात कॉलेज. समोर शेतकऱ्यांची, कारागिरांची पोरं. गुणे खेड्यापाड्यात फिरले आणि तिथे त्यांना जे दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं. अज्ञान, अंधश्रद्धा आणि आजारपण. नुसत्या भाषणांनी देश उभा राहणार नाही, माणसांची शरीरं आणि डोकी दोन्ही घडवावी लागतील, असं त्यांचं मत बनत गेलं.

पण १९२० मध्ये ब्रिटिश सरकारने हे कॉलेजच बंद केलं. कारण एकच, तिथलं राष्ट्रीय वातावरण. उमेदीची चार वर्षं ज्यात घातली ते एका फटक्यात संपलं. दुसरा कुणी असता तर जेलमध्ये गेला असता किंवा दुसरी नोकरी शोधली असती. गुण्यांनी तिसरा रस्ता धरला. त्या रस्त्याची सुरुवात मात्र कॉलेज बंद पडण्याच्या आधीच झाली होती.

नर्मदाकाठचा गुरू आणि शिष्याला पडलेले प्रश्न

१९१९ मध्ये गुणे मालसरला गेले होते. बडोद्यापासून जवळ, नर्मदेच्या काठावरचं हे गाव. तिथे परमहंस माधवदासजी राहायचे. मूळचे बंगाली, देशभर भटकून अखेर नर्मदाकाठी स्थिरावलेले. त्यांचं वय शंभरच्या कितीतरी पुढे आहे असं लोक सांगायचे.

माधवदासजींचं वेगळेपण असं की योग ही फक्त संन्याशांनी गुहेत करायची गोष्ट आहे, असं ते मानत नव्हते. संसारी माणसाला, आजारी माणसाला तिचा उपयोग झाला पाहिजे, याकडे त्यांचा ओढा होता. त्यांच्या दोन शिष्यांनी आधुनिक योगाचा नकाशाच बदलला. एक मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र. त्यांनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. दुसरे गुणे.

गुण्यांनी गुरूकडून आसनं, प्राणायाम आणि शुद्धिक्रिया शिकून घेतल्या. फायदा जाणवत होता. पण संस्कृतचा पंडित आणि कॉलेजचा प्राचार्य असलेल्या या शिष्याला फक्त जाणवून भागत नव्हतं. हे होतं कसं? पोट आत ओढलं की आत नेमकं काय हलतं? ग्रंथात लिहिलंय म्हणून मान्य करायचं की तपासून बघायचं?

१९२१ मध्ये माधवदासजी गेले. गुरूंवर श्रद्धा असलेला शिष्य समाधी बांधतो, आरती लिहितो. या शिष्याने आपल्या एका शोधाला गुरूचं नाव दिलं. ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

पोटातली पोकळी आणि एक्स-रे मशीन

हठयोगात बस्ती नावाची एक क्रिया आहे. योगी कमरेएवढ्या पाण्यात बसतो आणि गुदद्वारात नळी ठेवून आतड्यात पाणी वर ओढून घेतो. ना पंप, ना पिचकारी. पाणी आपोआप वर चढतं. शतकानुशतकं हे चालत आलं होतं. बघणाऱ्याला चमत्कारच वाटायचा.

पाणी वर चढतं याचा अर्थ आत बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होत असला पाहिजे. आपण स्ट्रॉने उसाचा रस ओढतो तेव्हा तोंडात जे होतं तेच. पण हा कमी दाब तयार कोण करतं?

यासाठी गुण्यांनी दोन क्रिया तपासायला घेतल्या. पहिली उड्डियान बंध. यात पूर्ण श्वास सोडून पोट बरगड्यांखाली खोल ओढलं जातं. दुसरी नौली. यात तसंच पोट ओढून धरायचं आणि मधले दोन उभे स्नायू खांबासारखे पुढे काढायचे.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या एका हॉस्पिटलमध्ये हे प्रयोग झाले. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. प्रयोगाला उभे राहिले गुण्यांचेच विद्यार्थी. क्रिया चालू असताना एक्स-रे काढले गेले. आतड्यातल्या नळीला दाबमापक जोडून दाब मोजला गेला.

नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या खाली जातो, असं दिसलं. बस्तीत पाणी वर चढतं ते यामुळे. चमत्कार नाही, साधं भौतिकशास्त्र. या कमी दाबाला गुण्यांनी नाव दिलं ‘माधवदास पोकळी’.

आज हे वाचताना फार मोठं वाटणार नाही. पण त्या वेळच्या दोन्ही बाजूंसाठी हा धक्का होता. योग म्हणजे थोतांड म्हणणाऱ्या डॉक्टरांसमोर एक्स-रेची प्लेट होती. आणि योग म्हणजे दैवी शक्ती म्हणणाऱ्या भक्तांसमोरही तीच प्लेट होती.

लोणावळ्यातलं धाम

ऑक्टोबर १९२४. लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना झाली. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून रेल्वेने गाठता येणारं, तरीही शांत असं हे ठिकाण. गुणे मास्तर आता स्वामी कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे निळं कमळ.

आश्रम म्हटलं की देऊळ, प्रवचन आणि भंडारा असं चित्र डोळ्यासमोर येतं. इथे पहिल्यापासून प्रयोगशाळा होती. त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. योगावरच्या वैज्ञानिक प्रयोगांना वाहिलेलं हे सुरुवातीच्या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं नियतकालिक. त्याची मांडणीही भारी होती. एक विभाग शास्त्रज्ञांसाठी, एक अर्धशास्त्रीय आणि एक तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य वाचकांसाठी. आज ज्याला आपण एक्सप्लेनर म्हणतो तो प्रकार कुवलयानंद १९२४ मध्येच करत होते असं म्हणायला हरकत नाही.

या अंकांमधून प्रयोगांचे अहवाल येऊ लागले. वेगवेगळी आसनं केल्यावर रक्तदाबात काय फरक पडतो, प्राणायामात आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या हवेत काय बदल होतो, असे विषय. आसनं दाखवणारे फोटो आणि एक्स-रे चित्रंसुद्धा असायची.

आणि मग आला ऑक्सिजनचा प्रश्न

खरी कसोटी इथे होती.

कुवलयानंद तटस्थ शास्त्रज्ञ नव्हते. ते राष्ट्रवादी होते, योगाचे साधक होते. आपली जुनी विद्या खरी आहे हे जगाला दाखवायचं, ही त्यांची इच्छा लपलेली नव्हती. अशा माणसाच्या हातात मोजपट्टी दिली की धोका असतो. मनासारखं आलं तर छापायचं आणि उलटं आलं तर कपाटात ठेवायचं, हा मोह कुणालाही होऊ शकतो.

प्राणायामाबद्दल तेव्हाही आजच्यासारखाच समज होता. खोल श्वास घेतला की शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो आणि म्हणून फायदा होतो. कुवलयानंदांनी श्वासातली हवा गोळा करून तपासली. प्राणायामात एकेक श्वास मोठा असतो हे खरं, पण मिनिटाला श्वासांची संख्या खूप कमी होते. हिशेब लावला तर दर मिनिटाला शोषला जाणारा ऑक्सिजन नेहमीच्या श्वसनापेक्षा जास्त भरत नाही, उलट कमीच भरतो, असं त्यांच्या मोजणीत दिसलं.

प्राणायामाच्या प्रचारकासाठी ही अडचणीची गोष्ट होती. त्यांनी ती लपवली नाही. प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या मापात शोधू नका, श्वसनाच्या स्नायूंना, मज्जासंस्थेला आणि मनाला लागणाऱ्या शिस्तीत शोधा, अशी मांडणी त्यांनी केली.

प्रश्न तिथेच मिटला असंही नाही. १९३१ च्या सुमारास अमेरिकेच्या येल विद्यापीठातून कोवूर बेहनन नावाचा मूळचा केरळचा तरुण मानसशास्त्रज्ञ लोणावळ्यात आला. कुवलयानंदांकडे शिकला आणि अमेरिकेत परतून त्याने स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी प्राणायाम करताना ऑक्सिजनचा वापर वाढतो, असं त्याच्या मोजणीत आलं. म्हणजे गुरूच्या निष्कर्षाशी न जुळणारं. शिवाय प्राणायामानंतर लगेच आकडेमोडीसारखी कामं थोडी मंदावतात, असंही त्याने नोंदवलं. १९३७ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

गुरूच्या विरुद्ध जाणारी मोजणी शिष्य छापतो, हे आश्रमात घडत नाही, प्रयोगशाळेत घडतं. कुवलयानंदांनी बांधलेली जागा आश्रम होती की प्रयोगशाळा, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

अर्थात आजच्या मापाने बघितलं तर या प्रयोगांच्या मर्यादा मोठ्या आहेत. प्रयोगाला बसणारी माणसं मोजकी होती आणि बहुतेक सरावलेले साधकच होते. आज ज्या पद्धतीने दोन गट करून तुलना करतात तसं तेव्हा नव्हतं. त्यामुळे त्यांचे सगळेच निष्कर्ष आज जसेच्या तसे घेता येणार नाहीत. मागे उरली ती त्यांची सवय, आधी मोजायचं आणि मग बोलायचं.

गांधीजींचा रक्तदाब

१९२७ मध्ये गांधीजी दौऱ्यावर असताना आजारी पडले. रक्तदाब वाढला होता, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि ते म्हैसूर संस्थानातल्या नंदी हिल्सवर गेले. या काळात त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला. दोघांचा पत्रव्यवहार झाला. कोणतं आसन केलं, किती वेळ केलं, काय जाणवलं, हे गांधीजी पत्रातून कळवत राहिले. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची हौस दोघांनाही होती, त्यामुळे सूर जुळले यात नवल नाही.

पण कुवलयानंदांचं मोठेपण बड्या पेशंटमध्ये नव्हतं. ते त्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत होतं.

त्यांची आसनांवरची आणि प्राणायामावरची पुस्तकं उघडली तर आजच्या रीलवाल्यांना घाम फुटेल. प्रत्येक आसन किती वेळ करायचं, कितीने वाढवायचं, कुठे थांबायचं, हे औषधाच्या डोसासारखं लिहिलेलं. पूर्ण जमणार नाही त्यांच्यासाठी छोटा अभ्यासक्रम वेगळा. झटके द्यायचे नाहीत. दमेपर्यंत करायचं नाही. कान वाहत असेल, डोळ्यांच्या केशवाहिन्या नाजूक असतील तर शीर्षासनाच्या वाटेला जायचं नाही. रक्तदाब नेहमीच जास्त किंवा कमी असेल तर आपल्या मनाने काहीही सुरू करायचं नाही. आजारी माणसाला आधी तपासायचं आणि मगच आसन द्यायचं.

काय करावं हे सगळेच गुरू सांगतात. काय करू नये हे सांगणारा मास्तर विरळा. ज्याला विद्यार्थ्याची काळजी असते त्यालाच ते सुचतं.

१९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझला केंद्र सुरू झालं आणि १९३६ मध्ये ते मरीन ड्राईव्हवर आलं. ऑफिसला जाणाऱ्या, बद्धकोष्ठ आणि पाठदुखीने बेजार झालेल्या मुंबईकरांसाठी योगाचं दार तिथे उघडलं. ते केंद्र आजही मरीन ड्राईव्हवर आहे.

शाळेच्या मैदानावरचा पीटीचा तास

माणिकरावांच्या तालमीत शिकलेली गोष्ट आता कामाला आली. योग ही मुळात एकट्याने करायची साधना. ती शेकडो पोरांना एकत्र शिकवायची कशी? १९३६ मध्ये कुवलयानंदांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक आलं. आसनांची अंकांमध्ये विभागणी, हुकूम, रांगा. शाळेच्या मैदानावर एक शिक्षक संपूर्ण वर्गाला घेऊ शकेल अशी ही रचना होती.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. शाळांमधल्या शारीरिक शिक्षणाचा विचार करायला जी समिती नेमली गेली तिचं अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होतं. त्यानंतर १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पीटीचा तास म्हणजे मोकळा तास नव्हे, त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक लागतो, ही कल्पना रुजायला इथून मदत झाली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे सगळं मुंबई प्रांतापुरतं होतं. बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका, त्यातलं चकलांबा, हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तो भारतात आला आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे लोणावळ्यापासून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या मराठी पोरांपर्यंत हा अभ्यासक्रम पोचायच्या आड एक सरहद्द होती. आज २१ जूनला चकलांब्यासारख्या गावातल्या शाळेतली पोरं रांगेत उभी राहून एक-दोन-तीन म्हणत ताडासन करतात, ती पद्धत तिथे सहज आलेली नाही. रांगेत, हुकमावर, एकत्र योग करण्याच्या या प्रकाराची एक मोठी मुळी बडोद्याची तालीम आणि लोणावळ्याच्या मैदानापर्यंत जाते.

शेवटची वर्षं आणि मागे उरलेलं

स्वातंत्र्यानंतर कुवलयानंदांनी संस्था पक्की करण्यावर भर दिला. १९५० च्या सुमारास कैवल्यधाममध्ये गोरधनदास सेक्सरिया कॉलेज सुरू झालं. योग शिकवणारे शिक्षक रीतसर अभ्यासक्रमातून तयार होऊ लागले, शरीरशास्त्राचा अभ्यास करून. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला योगोपचारांसाठी हॉस्पिटलही उभं राहिलं.

कुवलयानंदांनी स्वतःभोवती दैवी वलय तयार होऊ दिलं नाही. आपल्यानंतर संस्था चालेल अशी माणसं घडवली. स्वामी दिगंबरजींनी पुढे धुरा सांभाळली. डॉ. विनेकर, डॉ. भोळे यांच्यासारख्या डॉक्टरांनी संशोधन पुढे नेलं. जुने हठयोगाचे ग्रंथ पाठभेद तपासून छापायचं कामही चालू राहिलं, कारण संस्कृतचा शंकरशेट स्कॉलर शेवटपर्यंत त्यांच्यात जिवंत होता.

१८ एप्रिल १९६६ ला स्वामी कुवलयानंद गेले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पिलाटेस गेले. पिलाटेसची पद्धत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मोजक्या शिष्यांनी जगभर नेली आणि गुरूचं आडनावच पद्धतीचं नाव बनलं. कुवलयानंदांच्या नावाने कुठला योग नाही. पण हॉस्पिटलमध्ये बीपीच्या पेशंटला शवासन सांगितलं जातं किंवा योगाचा दमा आणि मधुमेहावर काय परिणाम होतो हे तपासणारा शोधनिबंध निघतो, तेव्हा त्यामागे लोणावळ्यात घातलेला पाया असतो.

२०१९ मध्ये ३० ऑगस्टला, म्हणजे नेमकं त्यांच्या जन्मदिवशी, आयुष क्षेत्रातल्या मान्यवरांवरची टपाल तिकिटं निघाली. त्यातलं एक कुवलयानंदांचं होतं. २०२४ मध्ये कैवल्यधामला शंभर वर्षं पूर्ण झाली. ‘योग-मीमांसा’ही अजून निघतं.

आता परत त्या रीलकडे येऊ. अमुक प्राणायामाने दुप्पट ऑक्सिजन मिळतो असं सांगणारी रील पुन्हा समोर येईल. योग चांगला की वाईट, भारतीय की परदेशी, यावर कमेंटमध्ये भांडणं होतील. गुणे मास्तरांना त्या भांडणात फारसा रस वाटला नसता. त्यांनी विचारलं असतं, किती जणांवर मोजलं, कशाने मोजलं आणि उलटं आलेलं कुठे लिहिलंय. योगावर आयुष्य ओवाळून टाकलेल्या माणसाला हे प्रश्न विचारताना योगाचा अपमान वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?